पुरायचे कागद

आधीच सांगून टाकते, मला स्वस्त वस्तूंचा भारी राग. छत्री घ्या, चप्पल घ्या, नाहीतर कुकरची रिंग घ्या, स्वस्तातली घेतली की महिनाभरात ती आपले रंग दाखवते. पेणच्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं मी पोरींना हेच शिकवलं आणि घरी सगळ्यांना हेच सुनावलं. त्यामुळे रूथ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आनंदी, रोह्याला प्रिंटरची जुनी कार्ट्रिजं परत भरून विकतात म्हणे, चारशे रुपयांत. आपण तीच आणू," तेव्हा मी हातात उलथनं घेऊनच तिच्यावर तुटून पडले.

"चारशेत? अगो, खरं कार्ट्रिज साडेतेराशेला येतं! चारशेत काय, आत काजळ घालून देतात?"

"भांडायचं तर भांड," रूथ म्हणाली, "पण आधी गॅस बारीक कर. कांदा करपतोय तुझा."

ही आमची रूथ. रूथ आरोन रोहेकर. रामवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. तिचे पूर्वज घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी पेणमध्ये त्यांची बरीच घरं होती. मग एकेक करून सगळी इस्रायलला गेली. रूथचा मुलगा नथानियलही गेला. दर वर्षी तो फोनवर म्हणायचा, आई, आता ये. ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. तिचा नवरा आरोन एक्क्याण्णव साली वारला, त्याला रोह्याच्या कबरस्तानात ठेवला, आणि मग तिने पुढचं वर्षही म्हणायचं सोडलं. "त्यांना इथे एकटं टाकून मी कुठे जाऊ गो?" एवढंच म्हणायची.

सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. अर्ध्या पेणने पहिला टाहो हिच्या हातात फोडलाय. माझा सुश्रुत पोटात आडवा आला होता, तो तिनेच फिरवला. मी भांडायला उभी राहिले की ती हेच काढते: "तुझ्या पोराला मी सरळ केलंय आनंदी, तुलापण करीन."

तर अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात नथानियलचं पत्र आलं. डिसेंबरात तो अकरा दिवसांसाठी येणार, सोबत मुलगी शीरा. शीरा बारा वर्षांची झाली होती. त्यांच्यात मुलगी बाराची झाली की ती जाणती झाली असं धरतात, म्हणून रोह्याला रूथचे धाकटे दीर हासाजी यांच्या घरी मलिदा करायचा ठरलं. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू नबींचं नाव घेऊन म्हटलेल्या प्रार्थना. त्यातलं रूथला काही नवं नव्हतं. अडचण शीराची होती.

रूथने नातीला कधी पाहिलं नव्हतं. पोरीला हिब्रू येतं आणि शाळेतलं इंग्रजी. रूथचं इंग्रजी दवाखान्यातलं, टेंपरेचर आणि डिस्चार्जच्या पुढे जात नाही. एसटीडी बूथवरून फोन लागला की पलीकडून "शालोम आजी", इकडून "शालोम बाळा", आणि मग दोघी नुसत्या श्वास घेत उभ्या. मीटर पळतोय.

"ती येईल," रूथ वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "अकरा दिवस माझ्या घरात राहील. आम्ही एकमेकींकडे बघत बसू, आणि ती जाईल. मी पासष्टची झाले आनंदी. तिच्याशी एक वाक्य न बोलता मी मेले तर?"

मीही वाटाणे सोलायला घेतले.

युक्ती तिनेच काढली. हिब्रू अक्षरं तिला आरोनने शिकवली होती. अर्थ फारसा कळायचा नाही, पण अक्षरं पक्की. तिने ठरवलं, मलिद्यासाठी एक पुस्तिका छापायची. त्यात प्रार्थना हिब्रूत असतील, आणि रोह्याच्या मंडळींसाठी त्याच प्रार्थना मराठी अक्षरांत, खाली अर्थ. शेवटचं पान मात्र उलटं, खास शीरासाठी. त्यावर शब्द मराठी, पण अक्षरं हिब्रू. "ती अक्षरं वाचेल," रूथ म्हणाली, "आणि तिच्या तोंडून मराठी बाहेर पडेल." तिचे डोळे असे लकाकले की मला तिचं चाळिशीतलं रूप आठवलं.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर माझ्या घरी होता. सुश्रुत डोलवीच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात, त्याने हौसेने घेतलेला. नथानियलने हिब्रू अक्षरांची फ्लॉपी पाठवली, सुश्रुतने ती बसवली, कुठलं बटण दाबायचं ते वहीत लिहून दिलं आणि कंपनीने त्याला तीन आठवडे बडोद्याला ट्रेनिंगला पाठवलं. उरलो आम्ही दोघी म्हाताऱ्या आणि ते यंत्र. चाचणीची पानं काढता काढताच होती ती शाई संपली. पुस्तिका तीस, प्रत्येकीची दहा पानं. म्हणून तो कार्ट्रिजचा वाद.

"माझा प्रिंटर बिघडला तर?" मी विचारलं.

"दवाखान्यात मी जन्मभर काय केलं?" रूथ म्हणाली. "माणसं दुरुस्त करून घरी पाठवली. कुणी म्हणालं का, हा जुना नको, नवा द्या?"

दुसऱ्या दिवशी ती पॅसेंजरने रोह्याला जाऊन कार्ट्रिज घेऊन आली. हैबतराव नावाच्या माणसाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. धाटावच्या कारखान्यांच्या ऑफिसांतून तो रिकामी कार्ट्रिजं गोळा करायचा, धुवायचा, नव्याने शाई भरायचा, तपासायचा आणि तोंडाला पट्टी लावून विकायचा. मी ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेऊन पाहिला. खोट काढायला काही सापडेना, याचाच राग आला.

शुक्रवारी दुपारी आम्ही ते बसवलं. काय सांगू, पानं काळीभोर आली, छापखान्यातल्यासारखी. रूथ एकेक पान वाळवायला पलंगावर मांडत होती. सत्तर-ऐंशी पानं झाली आणि तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

"सूर्य टेकला गो! बंद कर, बंद कर!"

शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारची सांज होईपर्यंत काम नाही, यंत्र नाही, काही नाही. दिवा लावायला ती घराकडे धावली. एक पान अजून अर्धं आत होतं. मी घाईघाईत भिंतीवरचं बटण दाबून टाकलं, यंत्रावर रुमाल घातला आणि भात लावायला गेले.

रविवारी सकाळी प्रिंटर सुरू केला आणि पहिल्याच पानावर पांढरे पट्टे. प्रत्येक ओळीच्या मधून, डोक्यावरच्या भांगासारखे. दुसऱ्यावर जास्त. आम्ही म्हटलं, चालू लागेल हळूहळू, आणि एकामागून एक पानं काढत राहिलो. चाळीसएक पानं वाया गेली. शेवटी तर नुसतं करड्या रंगाचं धुकं यायला लागलं. मला विचाराल तर त्या घटकेला मला वाईट कमी वाटलं आणि बरं जास्त. "काय म्हटलं होतं मी? भोग आता चारशेची फळं!" असं मी तीनदा तरी म्हणाले. रूथ कॅलेंडरकडे बघत बसली. शीरा यायला नऊ दिवस उरले होते.

त्या रद्दीचा गठ्ठा मी उचलला आणि मागच्या पडवीत बंबापाशी नेऊन ठेवला. आमच्याकडे कागद वाया जात नाही, सकाळी बंब पेटवायला होतो. वरची दोनचार पानं चुरगळून काडी ओढणार, इतक्यात रूथ मागून आली आणि किंचाळली. हो, किंचाळली. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. तिने माझ्या हातातली काडीपेटी हिसकावून घेतली.

"त्यावर देवाचं नाव आहे, आनंदी!"

मग खाली बसून तिने तो चुरगळलेला कागद मांडीवर ठेवून हाताने सरळ केला आणि मला सांगितलं. त्यांच्यात देवाचं नाव लिहिलेला कागद जाळत नाहीत, फाडत नाहीत, टाकत नाहीत. निकामी झाला की कबरस्तानात नेऊन पुरतात, माणसाला पुरावं तसा. "म्हणून मला पान वाया गेलेलं सोसत नाय," ती म्हणाली. "कागदाचं काय, दहा पैशाला मिळतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे चुकून पाय लागला तरी पुस्तकाला नमस्कार करतात, आणि मी काय करायला निघाले होते? बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा मी घासून पुसून तिला दिला. ती सगळी पानं त्यात गेली. त्या दिवसापासून प्रिंटरला हात लावायच्या आधी मी हात धुऊ लागले.

पण माझा राग काही शमला नव्हता, त्याला आता हैबतराव हवा होता. सोमवारी कार्ट्रिज सुश्रुतच्या जेवणाच्या डब्यात घालून आम्ही दोघी रोह्याला गेलो. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर मी तोंड सोडलं. लोकांना फसवता, देवाधर्माच्या कामात घाण करता, म्हाताऱ्या बायका बघून गळ्यात काहीपण बांधता, मी काय काय म्हणाले ते आता आठवत नाही आणि आठवू नये. हैबतराव काडीसारखा बारीक माणूस, कानावर पेन्सिल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मशिन बंद कसं केलंत?"

"बटणाने. आणखी कशाने?"

"कुठल्या? मशिनच्या का भिंतीवरच्या?"

"भिंतीवरच्या."

"हां," तो म्हणाला. "मशिनचं बटण दाबलं ना, का हे कोपऱ्यात जाऊन बसतं. तिथं रबर हाय, त्यावर ह्याचं तोंड झाकलं जातं. भिंतीवरनं बंद केलं तर जिथं असंल तिथं उघडंच राहतं. दोन रात्री उघडं राहिलं तर शाई सुकणार नाय तर काय? कंपनीचं कोरं घातलं असतंत, तरी हेच झालं असतं."

म्हणजे चूक माझी. चारशेच्या डबीची नाही, हैबतरावाची नाही, माझी. नाचता येईना अंगण वाकडं! रूथ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती, दुसरं काय!

हैबतरावाने कोमट पाण्यात फडकं भिजवून कार्ट्रिज त्यावर टेकवलं. घटकाभराने फडक्यावर काळा डाग उमटला. "जिवंत हाय," तो म्हणाला. मग शाई भरायला त्याने सिरिंज घेतली, दवाखान्यात असते तशीच. त्याने दट्ट्या जोरात दाबला, शाई फसकन वर आली आणि टेबलावर ओघळली.

"इकडे आण ते," रूथ म्हणाली. पदर खोचला, सिरिंज उजेडात उभी धरली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला, आणि सुई आत घालून इतकं सावकाश भरलं की एक थेंब बाहेर नाही. हैबतराव आ वासून बघत राहिला.

"हवा आत जाता कामा नये, हे मला कोण शिकवणार?" रूथ म्हणाली. "चाळीस वर्षं टोचतेय मी."

त्याने पैसे घेतले नाहीत. वर शाईची एक बाटली आणि सिरिंज बांधून दिली. निघताना मी म्हटलं, "हैबतराव, मी जरा जास्त बोलले." तो म्हणाला, "जरा?"

पुस्तिका पुऱ्या झाल्या, एक पान सोडून. ते शीराचं शेवटचं पान. रोज सकाळी रूथ यायची, ते पान नव्याने लिहायची, छापायची, हातात धरून वाचायची, मान हलवायची आणि त्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मला ती अक्षरं म्हणजे नुसते काळे खिळे.

"शाई काय नळाला येते?" मी म्हणायची. "झालं की छान!"

"नाय गो, जमत नाय. फार होतंय," ती म्हणायची. काय फार होतंय ते सांगायची नाही. शेवटच्या दिवशी चार ओळी लिहून तिने एकदाचं संपवलं.

शीरा आली. उंच, दाताला तारा, केसांचा टोपला. पहिल्या दिवशी ती दाराशी उभी आणि रूथ दाराशी उभी. मग रूथने नर्ससारखी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि दोघी हसल्या. तिखटाने पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी बोंबलाचं कालवण ती मागून घ्यायची. पण बोलणं म्हणाल तर तेच. हाताच्या खुणा, आणि मधे नथानियल दुभाषा.

मलिद्याला हासाजींचं घर भरलं होतं. प्रार्थना झाल्या, आणि शीराने उभं राहून शेवटचं पान वाचलं. अडखळत, भलत्याच ठिकाणी थांबत, पण मराठी! "दे-वा, या मु-लीला सु-खात ठेव. तिला आ-रोग्य दे, वि-द्या दे." बायकांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. रूथनेही टाळ्या वाजवल्या, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणे वाजवतात तशा. मी तिला ओळखते. मनातलं राहूनच गेलं होतं. ते चार ओळींचं पान कुणाच्याही नातीला चाललं असतं.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं तो कागदांचा डबा घेऊन कबरस्तानात गेलो. आरोनच्या कबरीपासून थोडं बाजूला नथानियलने खड्डा खणला. शीरा डब्यातून एकेक पान काढून बापाच्या हाती देत होती, तो ते खाली ठेवत होता. पट्ट्यांची पानं गेली, धुक्याची गेली. मग ती थांबली. एक पान तिने डोळ्यांजवळ नेलं. अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी, म्हणून ती मोठ्याने वाचू लागली.

"शी-रा. मला तुझ्या-शी बोलता येत ना-ही. तुझा बाप बो-बडं बोला-यचा तेही मला कळा-यचं. तुझं कळत नाही, मला फार वा-ईट वाटतं. मी तिकडे ये-णार नाही. तू ये. पुन्-हा ये. मी आ-हे तोवर ये."

नथानियलचं फावडं थांबलं. रूथ तर पांढरीफटक पडली. "ते नको," ती घाईने म्हणाली, "ते चुकलेलं पान आहे. दे इकडे, ते पुरायचंय." आणि तिने हात पुढे केला.

शीराने बापाला विचारलं. त्याने फावडं खाली ठेवून तिला एकेक ओळ सांगितली. पोरीने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली. मग छातीशी धरलं आणि काहीतरी म्हणाली.

"आई," नथानियल म्हणाला, "ती म्हणतेय, या पानावर देवाचं नाव कुठेच नाही. फक्त माझं आहे. मग हे का पुरायचं?"

रूथने हात मागे घेतला. तिने तोंडाला पदर लावला आणि मी तिला घट्ट धरलं. मी तर उघड उघड रडत होते. मला कसली लाज?

फेब्रुवारीत शीराचं पत्र आलं. हिब्रू अक्षरं, शब्द मराठी, बापाला विचारून विचारून लिहिलेले. रूथ ते घेऊन तडक माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. "आजी, मी पान रोज वाचते. हात लागून शाई पुसली. 'पुन्हा ये' दिसत नाही आता. दुसरं पाठव."

मी म्हटलं, "रूथ, या वेळी कंपनीचं नवं कार्ट्रिज आणू गो. पैसे मी देते. ती शाई पुसत नाही म्हणतात."

रूथने हात धुतले, सिरिंज उजेडात धरली आणि टिचकी मारली.

"नको," ती म्हणाली. "पुसू दे. पुसलं की ती परत मागेल."